जेवणानंतरचा तास

सरांना कुणी "कसं काय, बरं हाय न्हवं?" म्हणून विचारलं, की ते स्वतःचं काही सांगत नसत. पुढं होऊन समोरच्याची खालची पापणी बोटानं ओढत, आतला रंग बघत आणि विचारत, "काय जेवलास? पीठ चाळलंवतं काय?" कोल्हापुरात असं परक्या माणसाच्या डोळ्याला हात लावल्यावर काय होऊ शकतं, ते मी वेगळं सांगायला नको. पण सरांवर कुणी हात उचलल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. एकतर माणूस ताडमाड, त्यात प्राध्यापक, आणि चेहरा असा की आपल्याला काही झालं तर ह्याला खरंच वाईट वाटेल. माणसं निमूट पापणी ओढून घेत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मलकापूरकडनं कोल्हापुरात आलो, एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला. सर आमच्या खात्याचे प्रमुख. राहायला जागा मिळेना, तेव्हा राजारामपुरीतल्या स्वतःच्या घरावरची खोली त्यांनीच मला देऊ केली. भाड्याचं नंतर बघू म्हणाले. आधी अट घातली, खोलीत चाळण ठेवायची नाही.

"सर, मी एकटा माणूस. मेसला जेवणार. चाळण कशाला ठेवू?"

"आज मेसला जेवशील. उद्या लग्न करशील, बायको येईल, ती पीठ चाळंल आणि कोंडा म्हशीला घालंल. माझ्या घरात चालायचं न्हाय ते."

दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. बायको सामान घेऊन आली, आणि तिच्या रुखवतातली नवी कोरी चाळण सरांनी जिन्याच्या पायथ्याशीच काढून घेतली. ती बिचारी माझ्याकडं बघायला लागली. मी तिची ट्रंक उचलून वर निघालो. घरात अशा धरून आणलेल्या बऱ्याच चाळण्या होत्या. मोड आलेली नाचणी सावलीत वाळत घालायला सर त्या वापरायचे. चाळणीचा एवढाच काय तो उपयोग, असं त्यांचं मत होतं.

गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरण होती. रविवारी सकाळी सर तिथं जाऊन उभे राहत. स्वतःचं दळण हे निमित्त. खरं काम म्हणजे बायकांना अडवणं. "वैनी, बाजरी महिन्याची दळू नका. बाजरीत तेल असतंय. पीठ झालं की ते कडू पडाय लागतंय. आठवड्याचं न्या." "मावशी, हे पीठ घरी जाऊन चाळणार न्हाई न्हवं? सगळा माल कोंड्यात असतोय."

एकदा एका मावशींनी डबा खाली ठेवला आणि कमरेवर हात घेतले. "आन त्यो कोंडा दातात अडाकल्यावर? काढाय तुमी येणार काय?"

"चूळ भरा की."

"तुमी चुळा भरत बसा. आमच्यातलं म्हातारं बिनदाताचं हाय, त्येला मऊच लागतंय."

सरांनी आपला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "दात न्हाईत तर आंबील द्या. नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून ठेवा, सकाळी शिजवा. आंबलं की अंगाला जास्त लागतंय आणि चावायला काय न्हाय." मावशींनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी म्हाताऱ्यानं दोन वाट्या मागून घेतल्याचं सांगितलं. सर आठवडाभर खुशीत. गिरणवाला मात्र हैराण. तो मला म्हणायचा, "तुमच्या सरांस्नी घरात कोंडून घाला की ओ. गिऱ्हाईक महिन्याचं दळण आणतंय, हे त्येला चार येळा याला सांगत्यात. मी बाजरीवर जुंधळा, जुंधळ्यावर गहू, असं किती डाव करू?"

कॉलेजातली पोरं त्यांना पाठीमागं भाकरी सर म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं.

माझं आणि सरांचं खरं जमलं ते माझ्या डब्यामुळं. मेस बंद असली की मी गावाकडनं आणलेली नाचणीची भाकरी डब्यात घ्यायचो. आमच्या डोंगरपट्ट्यात नाचणीच पिकते. पण कॉलेजात पांढऱ्या पोळ्यांच्या रांगेत ती काळी भाकरी उघडायची मला लाज वाटायची. झाकण अर्धं ठेवून खायचो. सरांनी एकदा मागनं येऊन झाकणच उचललं. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांसमोर वाभाडे निघणार. त्यांनी माझ्या डब्यातला अर्धा तुकडा मोडून घेतला, उभ्या उभ्या खाल्ला आणि म्हणाले, "हितल्या एकाच्या बी डब्यात एवढा चुना न्हाय. हाडं पोलादाची होतील तुझी. लाजतोस कुणाला?" त्या दिवसापासनं मी झाकण पूर्ण उघडायला लागलो. ते एक त्यांचं माझ्यावर कायमचं ऋण आहे.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात यायचं. खाल्लं ते आपलं न्हवं, अंगी लागलं ते आपलं. दाण्यात लोह असतं, चुना म्हणजे कॅल्शियम असतं, पण दाण्यातलाच एक पदार्थ त्याला धरून बसतो आणि पोटात गेल्यावरही सोडत नाही. सर पोरांना सांगत, "दाणा कंजूष असतोय. त्यानं ते आपल्या कोंबासाठी राखून ठेवल्यालं असतंय. भिजवलं, मोड आणलं, की त्याला वाटतंय आता पेरणी झाली. मग त्यो मूठ सैल सोडतोय. आपण त्याला फसवायचं आणि खायचं." वर लिंबू पिळायचं. तवा लोखंडी हवा. हे सगळं पाळलं तर मग भाकरी ही भाकरी, नाहीतर नुसती पोटाची भर.

ह्या सगळ्या खटाटोपाचं मूळ एकच होतं, ते म्हणजे अक्का.

अक्का म्हणजे सरांची बायको. माहेर निपाणीच्या पलीकडलं, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. मी जिना चढायला लागलो की स्वयंपाकघरातनं हाक यायची, "ऊटा आतेन री?" म्हणजे जेवण झालं का. बाजरीला त्या सज्जी म्हणत. गोऱ्यापान होत्या, पण तो गोरेपणा चांगला नव्हता. ओठ फिकट, नखं कागदासारखी. चार पायऱ्या चढल्या की जिन्यातच बसायच्या. डॉक्टरनं रक्त कमी सांगितलं होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या तर पोट बिघडायचं, म्हणून त्या गोळ्या गपचूप कुंडीत पुरायच्या. सरांना ते कळल्यावर ते चिडले नाहीत. म्हणाले, "गोळ्या नगोत तर ऱ्हाऊ दे. तुझं रक्त मी भाकरीतनं भरतो." आणि त्यांनी ते काम अंगावर घेतलं.

कॉलेजच्या भट्टीत त्यांनी अक्कांच्या पिठाच्या डब्यातली बाजरी जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली, आणि त्यात लोह दाखवणारं द्रावण टाकलं. नळीतलं पाणी लाल झालं. एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले? रिक्षा करून घरी गेले आणि अक्कांना कॉलेजात घेऊन आले. आम्ही सगळे कोंडाळं करून उभे. अक्कांनी पदर सावरून नळी हातात घेतली, उजेडाकडं धरून बघितली.

"ह्ये काय?"

"तुझ्या भाकरीतलं लोह हाय हे. बघ किती लाल."

"एवढासा रंग दाखवाय मला रिक्षानं आणलासा? घरात कुंकू न्हवतं काय?"

पोरं हसली. सरही हसले. अक्कांनी नळी परत देताना त्यांच्याकडं जे बघितलं, ते आम्हाला दिसू नये म्हणून मान वळवली, पण मला दिसलं. मला त्या वेळी हेवा वाटला, सरळ सांगतो.

आता पायरीचं सांगायला हवं. घराच्या मागच्या बाजूला, हौदाकडं उघडणारं एक दार होतं आणि त्याला एक रुंद दगडी पायरी. सर दुपारी कॉलेजातनं जेवायला घरी यायचे. जेवण झालं की लगेच अक्का चहा टाकायच्या आणि दोघं त्या पायरीवर जाऊन बसायचे. दुपारी मी खोलीवर असलो की माझ्या खिडकीतनं त्यांची फक्त डोकी दिसायची, बोलणं मात्र सगळं ऐकू यायचं. गंमत अशी, की दिवसभर जगाला शिकवणारे सर तिथं ऐकत बसायचे. बोलायच्या अक्का. कुणाच्या सुनेचं काय झालं, माहेरी विहिरीला पाणी लागलं का, आपलं पोरगं अभ्यास करतंय का नुसतं पुस्तक धरून बसतंय. मधूनच कानडीत काहीतरी पुटपुटायच्या आणि सर ठसका लागेपर्यंत हसायचे. मग सर उठून परत कॉलेजला जायचे. संध्याकाळी ते पोरांच्या शिकवण्यांत, रात्री आडवं पडलं की घोरायला लागायचे. तेव्हा त्या दोघांचा म्हणून जो काही वेळ होता, तो एवढाच.

आणि तोच सरांनी मोडला.

ते एका चर्चासत्राला गेले होते. तिथं कुणीतरी बोलता बोलता सांगितलं, की जेवणावर लगेच चहा घेतला तर चहातला तुरटपणा धान्यातल्या लोहाला धरून ठेवतो, ते रक्तात जाऊ देत नाही. चहा घ्यायचाच तर तासाभरानं घ्यावा. सर आले ते पायातल्या चपला न काढता स्वयंपाकघरात. मी पाणी भरायला खाली आलो होतो, सगळं माझ्यासमोर झालं. इतकी वर्षं भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, ताजं दळणं, लिंबू पिळणं, आणि शेवटी त्या सगळ्यावर रोज आपणच बायकोबरोबर बसून चहा प्यायचा. माणूस हादरून गेला होता.

"आजपासनं जेवल्यावर चहा बंद," ते म्हणाले. "तासाभरानं घ्यायचा."

अक्का परात घासत होत्या. त्यांनी हात थांबवला. "तासाभरानं तर तुमी कॉलेजात असतासा."

"मग तू घे की एकटी."

"आणि आपुन बसायचं कवा?"

सरांना तो प्रश्न ऐकूच गेला नाही. म्हणजे कानावर पडला, पण त्यांच्या डोक्यात त्या वेळी लोह होतं. ते म्हणाले, "बसायला काय, कवाबी बसता येतंय. रक्त महत्त्वाचं हाय." अक्का परत परात घासायला लागल्या.

पहिले काही दिवस ती दोघं नुसतीच पायरीवर बसली, चहाशिवाय. पण जमलं नाही. कप हातात असला की माणूस तो संपेपर्यंत बसतो. कप नसला की सर दोन मिनिटांत उठायचे, हौदाजवळ वाळत घातलेली नाचणी उलटीपालटी करायला जायचे. मग अक्काही उठायला लागल्या. हळूहळू ते दार दुपारचं लागायला लागलं. सर कॉलेजला गेल्यावर, तास भरला की अक्का स्वयंपाकघरात उभ्यानंच चहा घ्यायच्या.

रक्त मात्र वाढलं. चाचणीचा कागद घेऊन सर स्टाफरूमभर फिरले. कुणी रस्त्यात भेटलं तर तिथं उभं करून सांगितलं. आमच्या हिला म्हणाले, "पोरी, एका चहानं अडवलंवतं बघ सगळं." अक्कांच्या ओठाला खरंच रंग आला होता. जिना दमानं का होईना, न बसता चढायला लागल्या. मी एकदा म्हणालो, "अक्का, आता तब्येत झकास दिसती."

त्या म्हणाल्या, "व्हय की. रक्त भरलं बघ. खरं बोलायचं ऱ्हाऊन गेलं."

कोल्हापुरात 'खरं' म्हणजे 'पण'. त्या हसून म्हणाल्या, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. सरांना जाऊन सांगावं असंही वाटलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी बोलण्याचंही वेळापत्रक केलं असतं.

सरांनी मग तो तासाचा नियम गावभर नेला. महिला मंडळ असो, हळदीकुंकू असो, सर दारात उभे. जेवणानंतर तासभर चहा नको. लग्नात पंगत उठली की ते मांडवाच्या तोंडाशी चहाच्या टेबलापुढं उभे राहायचे, पाव्हणे त्यांना वळसा घालून जायचे. ओळखीच्या घरांत मात्र नियम बसला. सर जेवायला यायचे म्हटलं की बायका चहाचं भांडं लपवून ठेवायच्या. माझ्या बायकोनंही तो असा उचलला, की माझे भाऊ गावाकडनं आले तरी त्यांना जेवल्यावर तासभर ताटकळत ठेवायची.

अक्का गेल्या त्या एका हिवाळ्यात, भल्या सकाळी, हृदय बंद पडून. आजारपण नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा काही संबंध नाही, रक्त तर छान होतं. सर त्यांना दोनदा म्हणाले, "छान होतं न्हवं?" डॉक्टर दोनदा हो म्हणाले.

सर लिंगायत. त्यांच्यात माणसाला झोपवून नाही, बसवून माती देतात. मी ते पहिल्यांदाच बघत होतो. अक्कांना खड्ड्यात मांडी घालून बसवलं, गळ्यात फुलं, कपाळावर भस्म. लोक बेलपत्र टाकत होते. सरांची पाळी आली तेव्हा ते पुढं वाकले आणि तसेच राहिले. त्यांच्या मुलानं खांद्याला हात लावला. सर मला म्हणाले, इतक्या साध्या आवाजात की जसं काही पीठ संपल्याचं सांगावं, "बसली बघ ही. किती दिवसांनी बसली."

 मी बाजूला जाऊन झाडाखाली थांबलो.

त्यानंतरही सर व्याख्यानं देत होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं त्यांना कामगारांपुढं बोलायला बोलावलं, तेव्हा मी सोबत होतो. कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम. भिजवणं झालं, मोड झाले, चाळण झाली, माणसं हसत होती. मग सर चहावर आले. मागच्या बाकावरनं एक कामगार उठला.

"सर, सुट्टीच अर्ध्या तासाची असती. जेवायचं, चहा घ्यायचा, तेवढ्यात काय ते गड्यागड्यांत बोलायचं. दिवसभर मशिनीच्या आवाजात काय ऐकू येत न्हाय. चहा काढला तर आमी बसायचं कवा?"

सरांनी टेबलावरची मोडाची वाटी उचलून पिशवीत घातली. "प्या," ते म्हणाले. "चहा प्या तुमी. बसून प्या." आणि खाली उतरले. मॅनेजर बुचकळ्यात पडला, त्याला वाटलं वेळ संपली. परत येताना बसमध्ये सर खिडकीबाहेर उसाकडं बघत होते. 

त्या दिवसापासनं त्यांनी चहाचा नियम सांगणं सोडलं. पण गावानं सोडला नाही. हीच तर गंमत झाली. सर कुणाकडं जेवायला गेले की घरातली बाई अभिमानानं सांगायची, आम्ही तुमचं ऐकतो हं सर, जेवल्यावर चहा नाही. एव्हाना आम्ही कळंब्याकडं स्वतःच्या घरात राहायला गेलो होतो. आमच्याकडंही असंच झालं. सर जेवले. हात पुसून कोचावर बसले. एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं. आमची ही बाहेर येऊन म्हणाली, "सर, तुमचा नियम अजून मोडला न्हाई आमी."

"छान, छान," सर म्हणाले. अजून एक-दोन मिनिटं बसले. मग बसायला काही कारण उरलं नाही, तसं गुडघ्यावर हात टेकून उठले. "येतो," म्हणाले. गल्लीच्या वळणापर्यंत मी त्यांना बघत होतो. सगळ्या ओळखीच्या घरांतनं हा माणूस असाच उठून जात असणार, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

ह्याला काही वर्षं गेली. सरांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. एक दिवस त्याचा फोन. "काका, बाबांचं रक्त फार खाली गेलंय. डॉक्टर म्हणतात पोटाचं वगैरे काही नाही, सगळं तपासलं. जेवणाबरोबर चहा पितात म्हणे, दोन्ही वेळा. म्हणजे काय हे? तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतात."

सर आणि जेवणाबरोबर चहा? माझा विश्वास बसेना. रविवारी त्यांची गाठ घेतली. दार उघडं होतं. सर स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. भाकरी कडेला चिरलेली, जाड, पण पीठ ताजं होतं, तवा लोखंडी होता, मटकीला मोड होते, ताटात लिंबाची फोड होती. एकही नियम चुकलेला नव्हता. मला जेवायला बसवलं. सरांचे ओठ, नखं, सगळं अक्कांचं होतं तसं झालेलं. जेवण संपलं, आणि हात ओला असतानाच त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"सर," मी म्हणालो, "तासभर?"

"हं."

"सगळं लोह वाया चाललंय तुमचं."

"मला शिकवतोस व्हय? मीच शिकीवलंय तुला." त्यांनी चहा गाळला, दार उघडलं आणि पायरीवर जाऊन बसले. मीही बसलो. एक घोट घेऊन ते म्हणाले, "तिला मी थांबीवलं. थांब म्हटलं, थांबली. तक्रार केली न्हाय. आता माझं रक्त चांगलं ऱ्हावं म्हणून मी बी थांबू? मग ती हितं एकटीच बसंल की."

मी कप संपेपर्यंत बसलो आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी मी परत गेलो, मुद्दाम जेवणाच्या वेळेला. सरांचा शेवटचा घास उरला होता तेव्हा विचारलं, "सर, अक्का ते कानडीत पुटपुटायच्या आणि तुम्ही हसायचा, ते काय असायचं?" सर तो घास संपवून सांगायला लागले. त्यांच्या सासऱ्याची एक चिडकी म्हैस होती, तिच्यावरनं अक्का गल्लीतल्या प्रत्येक माणसाला नाव ठेवायच्या. आमच्या प्राचार्यांना काय म्हणायच्या, गिरणवाल्याला काय, मला काय. माझं नाव ऐकून मी पण हसलो. हात वाळले, ताट वाळलं. सर बोलत होते. आधण ठेवायचं त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा तास उलटून गेला होता.

"च्यायला, चहा ऱ्हायला की," ते म्हणाले, आणि माझ्याकडं रोखून बघितलं. कळलं त्यांना. उठून चहा टाकला.

मी पुण्याला सरांच्या मुलाला फोन केला. म्हणालो, "चहा बंद होणार न्हाई. औषध एकच हाय. जेवल्यावर तासभर त्यांच्याजवळ कुणीतरी बोलत बसायचं. तू ये महिनाभर, बस."

तो म्हणाला, "काका, इथलं सोडून कसं येऊ? बघतो." त्यानं लोहाच्या गोळ्या पाठवल्या. त्या सरांनी कुंडीत पुरल्या.

मी नोकरीचा माणूस. मला रविवारच जमायचा. शेवटपर्यंत गेलो, पाऊस असो, पाहुणे असोत. रविवारच्या भाकरीचं लोह तेवढं सरांच्या अंगी लागलं. बाकीच्या दिवसांचं ते पायरीवर बसून चहात घालवायचे.